वायरमनला पैसे देताना दोष शोधण्याची मजुरी वेगळी ठरवावी

घरातील विजेचे काम करून घेतल्यावर पुष्कळ जण कारागीर किती वेळ खपला एवढेच पाहून पैसे ठरवतात, त्यामुळे ज्याला दोष चटकन सापडतो त्याच्याच पदरात कमी पडते. हा अन्याय टाळण्यासाठी दोष शोधण्याची आणि दुरुस्तीची मजुरी काम सुरू होण्यापूर्वीच वेगवेगळी ठरवावी.

पावसाळ्यात आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा सुरक्षा-स्विच) वारंवार पडते, म्हणजे आपोआप बंद होते, हे नेहमीचे दुखणे घ्या. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला नाही, तर ती पुरवठा तोडते. घरगुती आरसीसीबीला बहुधा ३० मिलिअँपिअरची गळतीही पुरते. नवखा माणूस एकेक एमसीबी (घरातील एकेका सर्किटचा स्वयंचलित स्विच) बंद करून पाहतो आणि सगळ्या बंद असतानाही आरसीसीबी पडली की तीच बदलायला सांगतो. जाणत्या वायरमनला मात्र ठाऊक असते की सिंगल पोल एमसीबी केवळ फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलीच राहते, आणि ती ओल्या भिंतीत किंवा गिझरमध्ये कुठेतरी अर्थिंगला लागली असेल तर एमसीबी बंद करूनही उपयोग होत नाही. म्हणून तो न्यूट्रलच्या तारा लिंकवरून (त्या सगळ्या जिथे एकत्र जोडलेल्या असतात त्या पट्टीवरून) एकेक सोडवून मेगरने, म्हणजे तारेचे इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने, तपासतो. पंधरा मिनिटांत दोष हाती लागतो आणि नव्या आरसीसीबीचा विनाकारण होणारा खर्च वाचतो. माझ्या मते अशा वेळी खरी मजुरी या पंधरा मिनिटांचीच असते.

फोन करतानाच पाऊस, गिझर, वॉशिंग मशीन यांपैकी कशाने आरसीसीबी पडते ते सांगावे. येण्याचे पैसे किती आणि ते पुढे मजुरीत वळते होतील का, हेही विचारावे. वायरमनकडे परवाना आहे याची खात्री करावी. साहित्य बिलासह घ्यावे आणि काढलेला जुना भाग पाहून घ्यावा. आरसीसीबी बायपास करून देतो म्हणणाऱ्याला, तो कितीही स्वस्तात करून देत असला तरी, स्पष्ट नकार द्यावा, कारण विजेचा धक्का बसल्यास जीव वाचवणारे साधनच त्यामुळे निकामी होते.

काम मोठे असेल तर साहित्यापुरती आगाऊ रक्कम द्यावी. उरलेली रक्कम, गिझरसह सर्व उपकरणे चालवून आणि आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण दाबून पाहिल्यावर, घासाघीस न करता चुकती करावी. दोष सापडूनही दुरुस्ती तुम्हीच पुढे ढकलली, तरी तो शोधण्याची ठरलेली मजुरी त्याच दिवशी द्यावी.