म्हशीमागच्या गायबगळ्याचा अभ्यास कसा करावा

पंचगंगेकाठी प्रयाग चिखलीच्या शिवारात चरणाऱ्या म्हशीच्या पायांशी घुटमळणारा गायबगळा कोल्हापूरकरांच्या रोजच्या पाहण्यातला आहे, आणि प्राणिवर्तनाचा शास्त्रीय अभ्यास शिकायला याहून सोयीचा पक्षी मिळणे कठीण. वही, पेन्सिल आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ एवढे साहित्य पुरते.

प्रथम वर्तनसूची करावी. काही वेळ नुसते पाहून, दिसणाऱ्या प्रत्येक हालचालीला ठरावीक नाव द्यावे: पाऊल टाकणे, मान ताणून स्थिर उभे राहणे, चोच मारणे, गिळणे, दुसऱ्या बगळ्याला हुसकावणे. ‘बगळा भुकेला आहे’ असे लिहू नये. ते अनुमान झाले, निरीक्षण नव्हे. व्याख्याही काटेकोर हवी. प्रत्येक वेळी चोच मारली म्हणजे भक्ष्य मिळालेच असे नसते. मान वर होऊन गळ्यातून घास उतरताना दिसला, तरच ‘गिळणे’ नोंदवावे. दोघांनी एकाच बगळ्याच्या स्वतंत्र नोंदी घेऊन त्या ताडून पाहाव्यात, आणि त्या जुळल्या नाहीत तर व्याख्या सुधारावी.

आपली नजर नेहमी ठळक घटनांकडेच ओढली जाते. म्हणून कोणता प्राणी, किती वेळ पाहायचा हे आधीच ठरवावे, अशी शिस्त प्राणिवर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी १९७४ च्या लेखात मांडली, आणि माझ्या मते या अभ्यासात तिच्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही. एक बगळा निवडून पाच मिनिटे त्याची पावले आणि गिळलेले घास मोजावेत. लगेच त्याच शेतात म्हशीपासून दूर, एकट्याने चरणारा बगळा तसाच मोजावा. एकच बगळा दहा वेळा मोजला म्हणजे दहा बगळे झाले, असे समजू नये.

गुरांसोबतच्या बगळ्याला कमी पावलांत जास्त भक्ष्य मिळते, असे परदेशांतील अशा मोजण्यांतून दिसले आहे. खुरांमुळे गवतातले नाकतोडे उडतात, हे त्याचे स्पष्टीकरण. पण जिथे गवत दाट आणि कीटक मुळातच जास्त, तिथेच म्हैस चरत असेल तर? ही शंका फेडण्यासाठी म्हैस पुढे सरकल्यावर त्याच जागेवर उरलेल्या बगळ्याच्याही नोंदी घ्याव्यात.

‘बगळा असे का करतो?’ या प्रश्नाचे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ निको टिनबर्गन यांनी १९६३ मध्ये चार भाग केले. हालचाल कशामुळे सुरू होते, ती पक्ष्याच्या आयुष्यात कशी घडत जाते, तिचा जगण्याला आणि प्रजननाला काय उपयोग, आणि पूर्वजांपासून ती कशी उत्क्रांत झाली. आपल्या मोजणीतून तिसऱ्या भागाचे थोडेसेच उत्तर मिळते. पिल्लू हे आपोआप करते की मोठ्यांचे पाहून शिकते, हे त्यातून सांगता येत नाही. त्यासाठी घरट्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांच्या वेगळ्या नोंदी ठेवाव्या लागतील.

बगळा चरणे थांबवून आपल्याकडेच पाहू लागला, तर मागे सरावे आणि ती पाच मिनिटे हिशेबात धरू नयेत.