कंट्रोल नेटवर्कवर राउटर बसवताना या चुका टाळा

कारखान्यातील यंत्रांचे कंट्रोल नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा राउटर खोक्यातून काढला, पॅनेलमध्ये बसवला, केबल स्विचला जोडली आणि दिवे लुकलुकू लागले की काम झाले असे मानणारे तंत्रज्ञ मला गोव्याच्या औद्योगिक वसाहतींत वेर्ण्यापासून कुंडईपर्यंत सगळीकडे भेटतात. त्यांच्या घाईची किंमत मात्र रात्रपाळीच्या ऑपरेटरला मोजावी लागते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे राउटरचा मूळ पत्ता न बदलता तो चालू नेटवर्कला जोडणे. पुष्कळ राउटर 192.168.1.1 हा पत्ता आणि चालू स्थितीतील डीएचसीपी (इतर उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) घेऊनच येतात, आणि जुन्या यंत्रांवरील पीएलसीलाही (यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकालाही) अनेकदा हाच पत्ता दिलेला असतो. वेर्ण्यातील एका कारखान्यात नेमके हेच झाले होते. राउटर बसवल्यानंतर काही दिवस सर्व सुरळीत चालले, कारण एचएमआयच्या (ऑपरेटरच्या पडद्याच्या) स्मृतीत पीएलसीचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा हार्डवेअर क्रमांक) आधीपासून होता. पहिल्या पावसात वीज गेली आणि परत आल्यावर पीएलसीच्या आधी राउटर जागा झाला. एचएमआयवर आकड्यांच्या जागी चौकोन दिसू लागले. मंडळींनी कनेक्टर बदलले, केबल बदलली, पीएलसी बंद करून पुन्हा चालू केला. मी लॅपटॉप जोडून कोणत्या पत्त्यामागे कोणता मॅक पत्ता आहे हे दाखवणारी 'एआरपी -ए' ही आज्ञा दिली, तेव्हा पीएलसीच्या पत्त्यापुढे जो मॅक पत्ता आला, तोच राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या लेबलावर छापलेला होता. काही पीएलसी असा दुबार पत्ता ओळखून स्वतःहून नेटवर्कवरून बाजूला होतात, आणि तेव्हा शोध आणखी अवघड होतो.

म्हणून माझी सवय अशी आहे की राउटर आधी टेबलावर, फक्त लॅपटॉपला जोडून, पूर्ण सेट करायचा: पत्ता बदलायचा, डीएचसीपी बंद करायचा, पासवर्ड बदलायचा आणि मगच तो पॅनेलजवळ न्यायचा. यंत्रांच्या पत्त्यांची यादी आधी हाती नसेल, तर मी केबल जोडतच नाही, मग समोरचा कितीही घाई करो.

दुसरी नेहमीची तक्रार अशी की ऑफिसमधून राउटरला पिंग (पोहोच तपासणाऱ्या संदेशाचे उत्तर) मिळते, पण पीएलसीला मिळत नाही. नवशिके लगेच नको ती वाहतूक अडवणारी फायरवॉल उघडून टाकतात. प्रत्यक्षात विनंती पीएलसीपर्यंत पोहोचलेली असते. त्याच्या सेटिंगमध्ये गेटवे (दुसऱ्या नेटवर्ककडे जाण्यासाठी राउटरचा पत्ता) रिकामा असल्याने उत्तर कोणत्या वाटेने पाठवायचे, हे त्याला ठाऊक नसते. गेटवे भरण्यासाठी काही पीएलसी स्टॉपमध्ये न्यावे लागतात, म्हणजे यंत्र थांबवावे लागते, तेव्हा हे काम चतुर्थीच्या शटडाउनसाठी राखून ठेवावे. तोवर पीएलसीकडे जाणाऱ्या विनंत्यांवर राउटरचा स्वतःचा पत्ता लागेल असे नॅट (पत्ता बदलून पुढे पाठवण्याची सोय) लावून वेळ निभावता येते.

घरबसल्या यंत्र पाहता यावे म्हणून पोर्ट 502 (मॉडबस या यंत्रांच्या संवादभाषेचे दार) थेट इंटरनेटवर उघडणे मी कधीही मान्य करणार नाही. मॉडबस 1979 सालचा आहे, त्याच्या मूळ रचनेत पासवर्डच नाही. पोर्ट ज्याला सापडला, तो व्हॉल्व्ह उघडू शकतो. इंटरनेटला जोडलेली उपकरणे शोधणारी शोदानसारखी सर्च इंजिने असे पोर्ट रोज धुंडाळत असतात. व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खासगी वाट) लावायला अर्धा दिवस अधिक लागतो, तो द्यावा.

प्रोफिनेटचा (पीएलसी आणि उपकरणे जोडणाऱ्या नेटवर्क पद्धतीचा) रिअल-टाइम संवाद राउटरपलीकडे जात नाही, त्यामुळे पीएलसी आणि त्याचे आय/ओ (सेन्सर, व्हॉल्व्ह जोडायचे मॉड्यूल) राउटरच्या एकाच बाजूला ठेवावेत. घरगुती राउटर आणि त्याचा प्लगमधला अडॅप्टर पॅनेलमध्ये नकोत. डिन रेलवर (पॅनेलमधल्या धातूच्या पट्टीवर) बसणारा, 24 व्होल्ट डीसीवर चालणारा राउटर घ्यावा. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल ओढू नये, कारण आपल्याकडे पावसाच्या तोंडावर विजा पडतात आणि दोन्ही टोकांचे पोर्ट एकदम जळतात. तिथे फायबरच हवी. काम संपल्यावर कॉन्फिगरेशनची फाइल मेंटेनन्स विभागाकडे द्यावी आणि पत्त्यांचा तक्ता पॅनेलच्या दाराला आतून, ओल लागणार नाही अशा प्लास्टिकच्या पाकिटात लावावा.