छोट्या तळ्यावरचे हिवाळी पाणपक्षी: कसे पाहावेत, कसे मोजावेत

उजनी, जायकवाडी किंवा नांदूर मध्यमेश्वरला एका फेरीत हजारो पक्षी दिसतात. पण पाणपक्षी नीट ओळखायला शिकायचं असेल तर वस्तीलगतचं छोटं तळं जास्त उपयोगी. तिथे पक्षी जवळून दिसतात, संख्या आवाक्यातली असते आणि दर आठवड्याला जाणं जमतं. अट एकच: दर वेळी त्याच जागांवरून, त्याच वेळेला आणि त्याच पद्धतीने पाहा. तरच कोण आलं, कोण गेलं आणि का, याचा अंदाज येतो.

सुरुवात ऑक्टोबरमध्येच करा. धोबी आणि तुतारी हे काठावर चरणारे छोटे पक्षी सप्टेंबरपासून दिसू लागतात, बहुतेक बदकं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उतरतात आणि फेब्रुवारीअखेरपासून परतू लागतात. लवकर आलेले नर ओळखणं अवघड जातं, कारण विणीनंतर त्यांची झळझळीत पिसं गळून गेलेली असतात आणि ते मादीसारखेच मळकट दिसतात. डिसेंबरपर्यंत बहुतेकांना नवी पिसं येतात. ऑक्टोबरात ‘सगळ्या माद्याच आल्या’ असं वाटतं, ते यामुळे.

दुर्बीण आधी जुळवा

८×४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण घ्या. १०× मध्ये पक्षी थोडा मोठा दिसतो, पण हाताचं थरथरणंही वाढतं आणि नजरेचा टापू लहान होतो. जुळवताना दूरची एखादी स्थिर वस्तू निवडा. उजवं भिंग हाताने झाका आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला स्पष्ट दिसू द्या. मग डावं झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवा. बहुतेक दुर्बिणींत ही कडी उजवीकडेच असते. तिथली खूण लक्षात ठेवा, पुढे फक्त मधलं चाक वापरायचं. चष्मा असेल तर डोळ्याकडच्या रबरी वाट्या आत दाबा, नाहीतर कडेने काळी वर्तुळं दिसतात. दुर्बिणीने डोकं दुखतं म्हणणाऱ्यांची अनेकदा ही कडीच जुळवलेली नसते.

ऊन पाठीशी ठेवा

हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो, म्हणून सकाळी तळ्याच्या आग्नेय काठावर आणि संध्याकाळी नैर्ऋत्येला उभं राहा. सूर्य समोर असला की प्रत्येक बदक काळंच दिसतं. सकाळची वेळ उत्तम, पण धुकं असेल तर ते विरेपर्यंत थांबा. ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि लांबच्या पक्ष्याचे तपशील चांगल्या दुर्बिणीतूनही पुसट होतात.

काठाने सरळ पक्ष्यांच्या दिशेने चालत जाऊ नका. तिरकं, थांबत थांबत जा आणि शक्य तिथे झुडपाच्या किंवा बांधाच्या आडोशाला बसा. खाणं थांबलं, माना ताठ झाल्या, थवा आत सरकू लागला, की तुम्ही जास्त जवळ आला आहात. तिथेच थांबा किंवा मागे या. उडण्यात खर्च झालेली चरबी त्यांना परतीच्या प्रवासाला लागणार असते, तेव्हा फोटोसाठी थवा उठवणं अजिबात मान्य करू नका.

रंगाआधी वागणं बघा

पाण्यावरच्या काळ्या, पांढऱ्या चोचीच्या पक्ष्याला नवखे लोक बदक म्हणतात. तो वारकरी. चोच निमुळती, कपाळावर पांढरा पट्टा, पोहताना मान पुढेमागे हलते. हा बाजूला काढला की निम्मा गोंधळ संपतो.

मग बदकांचे दोन गट करा. शेपूट वर करून, डोकं पाण्यात घालून चरणारी उथळ पाण्यातली बदकं उडताना पाण्यावरून थेट वर उठतात. लालसरी आणि शेंडी बदक पूर्ण बुडी मारतात आणि उडण्याआधी पाण्यावर धावत जातात. पहिल्या गटात थापट्या सर्वांत सोपा: पुढे पसरट होत गेलेली चोच पाण्याला लावून तो गाळत जातो, कधी अनेक जण मिळून गोल फिरतात. तलवार बदकाची मान लांब, शेपूट टोकदार. भुवई बदकाच्या नराला डोळ्यावरून मानेकडे जाणारी ठळक पांढरी भुवई असते.

माद्यांसाठी चोच आणि पंखावरचा पट्टा पाहा. पांढरा चौकोन दिसला तर मलीन बदक, हिरवा पट्टा आणि लहान चण असेल तर चक्रांग. तुलनेला हळदी-कुंकू बदक हाताशी असतंच. ते इथलंच, बारमाही; काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी दोन लाल ठिपके. चक्रांग त्याच्याहून बराच लहान. मादी कोणत्या नराशेजारी आहे एवढ्यावरून मात्र नाव ठरवू नका, थवे मिसळलेले असतात.

पाणी किती खोल, ते नोंदवा

ही नोंद बहुतेक जण करत नाहीत, आणि तीच सर्वांत जास्त सांगते. छोट्या टिलव्याला, म्हणजे तुतारीच्या कुळातल्या चिमुकल्या पक्ष्याला, चिखलावर बोटभर पाणी पुरतं, लांब पायांचा शेकाट्या वीतभर पाण्यात चालतो, थापट्याला उथळ पसरट पाणी लागतं, लालसरीला त्याहून खोल. नोव्हेंबरात तळं काठोकाठ भरलेलं असताना टिलवे दिसले नाहीत तर ते आलेच नाहीत असं समजू नका, त्यांना उतरायला चिखलच नव्हता. पाणी ओसरून कडा उघड्या पडल्या की तेच तळं तुताऱ्यांनी भरतं आणि बुडी मारणारी बदकं कमी होतात. बांधाच्या पायरीवर किंवा एखाद्या दगडावर खूण ठरवा आणि दर फेरीला पाणी तिच्या किती खाली आहे ते लिहा.

मोजणी

एका वेळी एकच जात मोजा, डावीकडून उजवीकडे. पन्नासपर्यंत एकेक. त्यापुढे पहिले दहा मोजून ते किती जागा व्यापतात ते पाहा आणि तेवढे ठोकळे मोजत जा. थवा मध्ये दाट आणि कडेला विरळ असतो. मधलाच ठोकळा सगळीकडे लावला तर आकडा फुगतो, म्हणून कडेला ठोकळ्याची जागा मोठी धरा. बुडी मारणाऱ्या बदकांची मोजणी तीनदा करून सर्वांत मोठा आकडा घ्या, कारण दर वेळी काही पाण्याखाली असतात. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला आणि सगळं उठलं, तर थवा बसेपर्यंत थांबा. उठलेले पक्षी तळ्याच्या दुसऱ्या भागात बसतात आणि दोनदा मोजले जातात.

नोंदीत तारीख, सुरुवातीची वेळ, एकूण वेळ, चाललेलं अंतर, वारा आणि पाण्याची खूण लिहा. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना ओळखलेल्या सगळ्या जाती द्या, फक्त दुर्मीळ नको. नाव नक्की नसेल तर ‘बदक, अनोळखी’ हीसुद्धा चांगली नोंद आहे, अंदाजाने घातलेली जात नव्हे. आशियाई पाणपक्षी गणना भारतीय उपखंडात १९८७ पासून दर जानेवारीत होते, तिच्यात छोटी तळीही घेतली जातात.

पट्टकादंबाच्या (डोक्यावर काळे पट्टे असलेल्या रानहंसाच्या) मानेत रंगीत पट्टा किंवा एखाद्या पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेलं वाळं दिसलं, तर रंग, डावा की उजवा पाय, अक्षरं-आकडे आणि ते कोणत्या दिशेने वाचले, हे जागेवरच लिहा, जमल्यास फोटो काढा आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. अक्षर पुसट वाटलं तर ते ओढूनताणून पूर्ण करू नका, त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा.