टोगा शिवायचा आणि नेसवायचा कसा

पांढरी चादर खांद्यावर टाकली, चार सेफ्टी पिना लावल्या की झाला रोमन माणूस, असं समजू नका. मी वेंगुर्ल्यात शिवणकाम करते. शाळांची गॅदरिंगं आणि हौशी नाटकवाले यांचे कपडे माझ्याकडे येतात. सीझरचा प्रवेश बसवणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते की टोगा, म्हणजे रोमन पुरुषांचं अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र, शिवण्यापेक्षा नेसण्यात जास्त आहे. आपल्या नऊवारीसारखा तो अंगावर बसवावा लागतो.

आधी कापड. मूळ टोगा लोकरीचा. लोकरीची घडी लोकरीला धरून बसते, म्हणून त्यांचं पिनांवाचून भागायचं. आपल्या दमट हवेत लोकर शक्य नाही. जाडसर, मऊ सुती कापड घ्या. मला मांजरपाट आवडतो. टेरिकॉट आणि सॅटिन नकोच, ते खांद्यावरून घसरतं. आणि सुती म्हणजे खोटं, असंही मानू नका. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीच्या टिपणांत कल्याण आणि चौल ही आपली बंदरं येतात. भारतातलं सुती कापड त्या काळी जहाजांतून रोमन मुलखात जात होतं.

मांजरपाट दोनदा धुऊन खळ पूर्ण काढा आणि नीळ अजिबात घालू नका. साध्या नागरिकाचा टोगा लोकरीच्या मूळ मळकट पांढऱ्या रंगाचाच असे. निवडणुकीला उभा राहणारा तेवढा खडू चोळून तो लख्ख करायचा. म्हणजे पात्र उमेदवार असेल तरच झगझगीत पांढरा.

आता बेत. टोगा चौकोनी नसतो. एक कड सरळ आणि दुसरी गोलाकार असते. सरळ कड नेसणाऱ्याच्या उंचीच्या तिप्पट धरा. साडेपाच फुटी माणसाला 5 मीटर लांबी आणि मधोमध 2 मीटर खोली पुरते. 110 सेंटीमीटर पन्ह्याचं कापड असेल तर एक तुकडा 5 मीटरचा आणि दुसरा 4 मीटर 10 सेंटीमीटरचा. दुसरा तुकडा पहिल्याच्या मधोमध ठेवून दाबटीपेने जोडा. धुण्यात आटतं म्हणून दहा मीटर आणा.

गोलाई नजरेने कापू नका. शेणाने सारवलेल्या खळ्यात जुनी चादर पसरा, तिच्यावर कापड ताणून घ्या. सरळ कडेचा मध्य शोधा. तिथून कापडाच्या बाहेर 56 सेंटीमीटरवर खिळा ठोका. खिळ्याला सुतळी बांधून 2 मीटर 56 सेंटीमीटरवर खडू धरा आणि फिरवा. रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बरोबर येते. कापून बारीक दुमड घाला.

आत ट्युनिक, म्हणजे सैल अंगरखा, हवंच. ते अगदी सोपं. एक मीटर रुंद आणि सव्वा मीटर लांब असे दोन तुकडे. खांदे शिवताना गळ्यासाठी मधे 32 सेंटीमीटर मोकळं सोडा, बाजू शिवताना हातांसाठी वरून 28 सेंटीमीटर. मुंढा कापायचा नाही, गळ्याला आकार द्यायचा नाही. जास्तीची रुंदी खांद्यावरून खाली येते, त्याचीच बाही होते. कमरेला दोरी बांधून वरचं कापड थोडं ओढून घ्या, म्हणजे पुरुषाचं ट्युनिक गुडघ्याच्या जरा खाली येतं. सिनेटरच्या, म्हणजे रोमच्या राज्यसभेतल्या सभासदाच्या, ट्युनिकवर खांद्यापासून खालपर्यंत दोन रुंद जांभळ्या पट्ट्या, त्याखालच्या मानकऱ्याला अरुंद. मोठ्या अधिकाऱ्यांच्या आणि नागरिकांच्या लहान मुलांच्या टोग्यालाही तसाच काठ असे. हा रंग समुद्रातल्या गोगलगायींपासून काढायचे, त्यामुळे तो भयंकर महाग. भडक जांभळा घेऊ नका. पिकलेल्या रातांब्यासारखा काळपट लाल हवा.

नेसवताना टोग्याचं एक टोक पुढून डाव्या खांद्यावर घ्या. ते टोक पावलांपर्यंत लोंबू द्या. सरळ कड मानेच्या बाजूला, गोल कड डाव्या हातावर. उरलेलं कापड पाठीवरून नेऊन उजव्या काखेखालून पुढे आणा. उजवा हात मोकळाच राहतो. आता छातीवरून तिरकं नेऊन पुन्हा डाव्या खांद्यावरून मागे टाका. उजव्या मांडीवर झोळ पडतो, तो ओढून ताणू नका, तीच त्याची शोभा. शेवटी छातीवर आत दबलेलं पहिलं कापड मूठभर वर ओढून बाहेर काढा. त्या फुग्याने सगळं बसतं. एक मुलगा मला म्हणाला, “मावशे, ह्यां स्टेजवर सुटतलां नाय मा?” डावा हात कोपरात दुमडून ठेवलास तर नाही सुटणार, हेच माझं उत्तर. म्हणूनच पुतळ्यांतले रोमन तसे उभे दिसतात.

मुलींना टोगा देऊ नका. प्रतिष्ठित रोमन स्त्रीने तो घालणं लाजिरवाणं मानत. विवाहितेला ट्युनिकवर खांद्याला पट्टे असलेला पायघोळ झगा म्हणजे स्टोला आणि वरून आयताकृती शाल म्हणजे पाल्ला. पाल्ल्याला चार मीटरची जुनी सुती साडी चालते, डोक्यावरून पदरासारखी घ्या.

हे शिकलात की रोजच्या शिवणातही कामाला येतं. माझ्याकडे छातीखाली शिवण असलेला एम्पायर कटचा कुर्ता मागतात. 1738 ला हर्क्युलेनियम आणि 1748 ला पॉम्पेई या गाडल्या गेलेल्या रोमन शहरांचं उत्खनन सुरू झालं, युरोपात प्राचीन मूर्तींचं वेड पसरलं, आणि फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तिथल्या बायका उंच कमरेचे पांढरे मलमलचे झगे घालू लागल्या. तो कट तिथून आला. असा कुर्ता मऊ कापडातच शिवा, कडक कापड छातीखाली फुगतं. एका खांद्याचा ड्रेस शिवताना पूर्ण भार त्या एकाच खांद्यावर येतो, तिथे आतून दुहेरी पट्टी लावा. आणि चर्चमध्ये मिस्साच्या वेळी फादर घालतात तो पायघोळ पांढरा झगा थेट रोमन ट्युनिकचा वंशज आहे. तो पाहिलात तर ट्युनिकची बाही कशी पडते ते कळेल.

टोगा पहिल्या तालमीपासून अंगावर द्या. पायऱ्या चढताना झोळ डाव्या हाताने उचलायची सवय आधी लागू दे, संवाद मागून.