आधी मार्गशीर्ष भरा, श्रावणाचं नंतर बघू

बारमाही फुलांची बाग करायची म्हटलं की माणसं पावसाळ्यात रोपवाटिकेत जातात आणि त्या दिवशी जे फुललेलं दिसेल ते उचलून आणतात. मीही तेच केलं होतं. भोरला घरामागे आमची दीड गुंठा मुरमाड जागा आहे. पहिल्या वर्षी श्रावणात दृष्ट लागावी अशी बाग झाली आणि दिवाळी सरली तशा नुसत्या काड्या उरल्या.

आता कुणी विचारलं तर सांगते, आधी जुनं कॅलेंडर घ्या आणि ज्या महिन्यात जे देशी फूल फुलतं ते त्या पानावर लिहा. श्रावण-भाद्रपद आपोआप भरतात. मार्गशीर्ष, पौष आणि वैशाख कोरे राहतात. खरेदी त्या कोऱ्या पानांपासून करायची.

थंडीला पिवळी कोरांटी. काडी खोचली तरी लागते. मृगाच्या आधी गुडघाभर ठेवून छाटायची, म्हणजे नवी फूट येते आणि फूल त्या फुटीवर येतं. शेणखत जपून घाला. मी एका वर्षी पाटीभर ओतलं, तर पानंच पानं. काटे आहेत, तेव्हा पायवाटेला नको. मागच्या बाजूला अडुळशाचं कुंपण करा. पांढरी फुलं थंडीतच येतात, आणि शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, हे आमच्या गल्लीत जास्त महत्त्वाचं. कोरांटी ओसरली की धायटी. माघ-फाल्गुनात फांदीभर लाल नळ्या, सकाळी त्यावर शिंजीर पक्षी लोंबकळतात.

वैशाखासाठी बहावा, पण दीड गुंठ्यात एकच. तो उत्तरेच्या कडेला लावा, नाहीतर थंडीतली लांब सावली कोरांटीवर पडते. त्याच्या बुंध्याशी भुईचाफा. पानाचा पत्ता नसताना भेगाळल्या मातीतून थेट जांभळट-पांढरं फूल वर येतं.

पावसाळ्याला रानहळद आणि कळलावी. दोन्ही कंद दिवाळीनंतर झोपतात आणि वर काही दिसत नाही. इथेच माझी फजिती झाली. फाल्गुनात कोथिंबिरीसाठी वाफा करताना कुदळ थेट कळलावीच्या कंदावर बसली. नांगराच्या फाळासारखा वाकडा कंद, त्याच्या टोकाला एकच डोळा. तो डोळाच तुटला, मग कसला उगवतोय! आता प्रत्येक कंदाशेजारी गेरू फासलेला दगड ठेवते. कळलावी विषारी आहे, कंद तर फारच. घरात लहान मूल असेल तर लावूच नका.

देवचाफा मूळचा अमेरिकेतला, पण आमचा सासूबाईंनी लावलेला, त्यामुळे तो राहिला. सगळं देशीच हवं, एवढं सोवळं कुणी पाळू नये. रोपं मात्र रोपवाटिकेतूनच आणा, डोंगरावरून उपटून नाही.

लावणी दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला पाणी आणि बुडाशी पालापाचोळा. पुढे झुडपं आपली आपण जगतात.

सध्या अकरा दगड आहेत. एकाखाली काय पुरलंय ते मलाही आठवत नाही. आषाढात कळेल.