कोड जमत नाहीये? आधी वही काढा आणि मसाविपासून सुरू करा

मी घणसोलीत डिप्लोमाच्या पोरांची शिकवणी घेते आणि दर वर्षी कुणाची तरी आई हमखास विचारते, मॅडम, गणितात एवढे चांगले मार्क होते हिला, मग कोडिंग का जमत नाहीये?

बऱ्याचदा घोळ = या चिन्हापाशी असतो. रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्श माणसाने ते १५५७ मध्ये आणलं, दोन समांतर रेघांइतकं सारखं दुसरं काही नाही म्हणून, आणि शाळेत आपण तेच शिकतो की दोन्ही बाजू सारख्या. मग १९५७ मध्ये फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा आली, तिने हेच चिन्ह 'उजवीकडचं काढ आणि डावीकडे ठेव' अशा हुकमासाठी वापरलं, पुढे सी, जावा, पायथॉनमध्येही तेच. त्यामुळे अ = अ + १ दिसलं की गणित नीट समजलेलं पोरगंच जास्त अडखळतं, आणि त्याचं बरोबरच आहे, गणितात हे होऊच शकत नाही.

गणितात 'आत्ता' नसतं, ४८ आणि १८ चा मसावि कालही ६ होता, उद्याही ६. प्रोग्रॅममध्ये सगळं 'आत्ता'वर चालतं. ठाणे स्टेशनच्या इंडिकेटरवर आत्ता पनवेल लिहिलंय, ती सुटली की तिथेच वाशी येतं, मग पनवेल तिथे कितीही शोधा, पुसलं गेलेलं असतं. व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅममध्ये आकडा ठेवायची नाव दिलेली जागा, तसंच.

आता लॅपटॉप बंद करा. खरंच बंद करा. वहीत तीन रकाने आखा: अ, ब, बाकी. अ मध्ये ४८, ब मध्ये १८ लिहा. ४८ ला १८ ने भागा, बाकी १२. आता अ मध्ये १८, ब मध्ये १२, बाकी ६. मग अ १२, ब ६, बाकी शून्य. शेवटी अ मध्ये ६, ब मध्ये शून्य, थांबा. ६ हा मसावि. युक्लिडची ही रीत सुमारे २३०० वर्षं जुनी आहे.

हेच कोडमध्ये लिहिताना माझ्या एका विद्यार्थिनीने 'ब शून्य होईपर्यंत' असं लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवायचा हुकूम) लावून आत दोन ओळी लिहिल्या: अ = ब, मग ब = अ % ब (% म्हणजे भागाकाराची बाकी). उत्तर आलं १८, आणि १८ ने ४८ ला भागच जात नाही! ती अर्धा तास कंस तपासत बसली, मी म्हटलं, अगं वहीत कर. पहिल्या ओळीनंतर अ मध्ये १८ लिहिलं, दुसऱ्या ओळीला आली आणि पेन थांबलं, "मॅडम, ४८ गेलं की!" तेच तर. १८ ला १८ ने भागलं, बाकी शून्य, खेळ संपला. तिने दोन्ही ओळी एकदमच खऱ्या असतात असं धरलं होतं, दोन समीकरणं सोडवताना धरतो तसं. म्हणून बाकी आधी काढून वेगळी ठेवायची, मग अ = ब, मग ब = बाकी. हा क्रम वहीत सापडतो, स्क्रीनकडे बघत बसून नाही.

इथवर आलात की मग खरं गणित येतं आणि ते टाळू नका. वहीत फक्त ४८ आणि १८ तपासले, बाकीच्या सगळ्या आकड्यांचं काय? तर ४८ = २ × १८ + १२, म्हणून ४८ आणि १८ दोघांना भागणारी संख्या १२ लाही भागणारच, आणि १८ नि १२ ला भागणारी ४८ लाही. म्हणजे जोडी बदलली तरी सामाईक विभाजक तेच राहतात. आणि बाकी दर फेरीला कमी होते, त्यामुळे लूप कधीतरी थांबणारच. लूप चालू असताना न बदलणारं काय आणि कमी होणारं काय, हे दोन प्रश्न प्रत्येक लूपला विचारायची सवय लावा, मला तर गणिताचा खरा उपयोग इथेच वाटतो.

आता तुम्ही एकदा आकडे उलटे टाका, अ मध्ये १८, ब मध्ये ४८. बरीच पोरं यासाठी वेगळी अट लिहायला घेतात. आधी पहिली फेरी वहीत करा, १८ ला ४८ ने भागलं की बाकी १८च, म्हणजे अ ४८ आणि ब १८, जोडी आपोआप सरळ झाली.