टाळ आधी दिसतो, आवाज मागून येतो

मागच्या आषाढात दीड तासाचं कीर्तन एडिटला आलं. मोबाइलवर शूट केलेलं, एमपी४ फाइल. पहिल्या दहा मिनिटांत सगळं ठीक. तासाभराने मात्र टाळकऱ्याचे हात एकमेकांवर आपटायचे आणि टाळ क्षणभराने वाजायचा. मी आवाजाची पट्टी सरकवत अख्खी रात्र घालवली. तुम्ही घालवू नका.

एमपी४ हा नुसता डबा. आत कोणता कोडेक (चित्र-आवाज दाबून साठवायची पद्धत) आहे आणि फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, स्थिर आहे का, हे आधी बघा. मीडियाइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर उघडून फाइल त्यात टाका. ‘फ्रेम रेट मोड’समोर ‘व्हेरिएबल’ (बदलता) दिसलं, की ती फाइल तशीच प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर घेऊ नका. प्रकाश कमी झाला की मोबाइल फ्रेम कमी-जास्त करतो, आणि आवाज हळूहळू निसटतो.

आधी तिचं रूपांतर करा. शटर एन्कोडर या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोरेस ४२२ हा एडिटसाठीचा कोडेक निवडा, फ्रेम रेट २९.९७ वर पक्का करा, आवाज ४८ किलोहर्ट्झ पीसीएम (न दाबलेला) ठेवा. मोबाइल बऱ्याचदा वापरतो त्या एचईव्हीसी कोडेकमध्ये बहुतेक फ्रेम शेजारच्या फ्रेमवरून गणित करून उभ्या कराव्या लागतात, म्हणून टाइमलाइन अडखळते. प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण असते. जागा मात्र भरपूर लागते: फुल एचडीचा एक तास म्हणजे साधारण ६६ जीबी.

रूपांतर झालं की थेट शेवटच्या मिनिटाला जा आणि टाळ बघा. तिथे जुळला तर कापायला बसा. मूळ फाइल काम पोचवेपर्यंत पुसू नका.